दारात बदाम असलेले घर

ती घटना आठवली, की आजही मला सर्वांत आधी एक घर दिसते. निळे दार, दारात बदामाचे झाड, शेजारी तळे. आमच्या तपासाशी संबंध असलेले कोणीही त्या घरात राहत नव्हते, आणि तरीही सगळा तपास त्या घरापाशीच जाऊन थांबला. सेवेत पाहिलेल्या चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. हे प्रकरण मात्र पहाटेच्या स्वप्नासारखे, धूसर असूनही पुसले न जाणारे, माझ्याजवळ राहिले आहे. त्यातल्या दोन्ही मुली अजून लहान आहेत, म्हणून नावे देत नाही. एकीला रोह्याची मुलगी म्हणू आणि दुसरीला पेणची.

माझी नेमणूक तेव्हा रोह्याच्या पोलीस ठाण्यात होती आणि निवृत्ती जवळ आली होती. दहावीची परीक्षा संपून सुट्टी लागलेली. शुक्रवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत असताना नदीपलीकडच्या अष्टमी गावातून पूल ओलांडून एक जोडपे आले. नवरा कंपनीत कामाला होता, रात्रपाळीचा गणवेश अजून अंगावर होता.

"साहेब, पोरगी नाय घरात," तो म्हणाला. "नाईट करून आलो, तर ही म्हणते मैत्रिणीकडं गेलीय. मैत्रीण म्हणते, आलीच नाय."

"नवीन पिवळा ड्रेस घातलान," आई म्हणाली. "काल रात्री उशिरापर्यंत नारळाच्या वड्या करत बसली होती. मी म्हटलं, कोणासाठी गो? तर म्हणे मैत्रिणीचा वाढदिवस. वड्यांचा डबा पण नाय घरात."

"मोबाईल आहे तिच्याकडे?"

"माझाच वापरते. हा काय."

"हीच तर चूक केलीस!" नवरा उसळला. "दिवसभर पोरीच्या हातात दिलास."

"आणि तुम्ही काय देत होतात? तुम्ही शिफ्टवरनं येऊन झोपणार. ती बोलणार कोणाशी, भिंतीशी?"

हरवलेल्या मुलाचे आईवडील ठाण्यात येताच भांडू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ते भांडण एकमेकांशी नसते, भीतीशी असते. अशा वेळी त्यांना गप्प बसवू नये, पाणी द्यावे. भांडणातूनच पुष्कळदा उपयोगी माहिती मिळते. इथेही मिळाली: मुलगी मोबाईल घरी ठेवून गेली होती. म्हणजे तिचे ठिकाण यंत्राकडून कळणार नव्हते.

मुलगी सोळा वर्षांची. अल्पवयीन व्यक्ती बेपत्ता झाली की अपहरणाचाच गुन्हा नोंदवावा लागतो, मग ती स्वतःच्या पायांनी गेलेली असो वा नसो. गुन्हा नोंदवला, वर्णन सगळीकडे कळवले. थोड्याच वेळात स्टेशनच्या वाटेवरच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला.

"पिवळ्या ड्रेसातली पोर ना साहेब? स्टेशनाकडं चालली होती. मी म्हटलं, बस, सोडतो. तर म्हणे, नको काका, चालत जायचंय. हसत होती."

त्या 'हसत होती'ने मी अस्वस्थ झालो. घाबरून घर सोडणारे मूल मागे वळून बघते, लोकांना टाळते, आणि म्हणूनच लोकांच्या लक्षात राहते. हसत जाणाऱ्या मुलाला कोणी अडवत नाही. रोह्याहून सुटणारी पॅसेंजर निडी, नागोठणे, पेण करत पुढे पनवेल आणि दिव्यापर्यंत जाते. मुलगी यांतल्या कुठल्या स्टेशनवर उतरणार होती, याचा थांगपत्ता नव्हता. पनवेलच्या रेल्वे पोलिसांना कळवले आणि आम्ही मोबाईल उघडला.

या कामात माझ्या बरोबर एक महिला हवालदार होत्या. त्यांचे घर पेणजवळच्या गडबला. स्वतःच्या दोन मुलांमुळे मोबाईलमधल्या लपवाछपवीचे उत्तम शिक्षण त्यांना घरीच मिळाले होते. त्यांनी पडद्याच्या शेवटच्या पानावरचे 'रेसिपी' नावाचे फोल्डर उघडले. आत फोटो आणि गप्पांचे ते लोकप्रिय ॲप होते.

"मला वाटलं, रेसिपी बघते," आई पुटपुटली.

"माझी मुलगी 'अभ्यास' नाव देते," हवालदारबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका."

एका मुलाशी झालेले कित्येक महिन्यांचे बोलणे त्यात होते. तो आखातात एका कंपनीत कामाला असल्याचे सांगत होता. ते सगळे मी क्रमाने वाचले, आणि वाचता वाचता गोंधळत गेलो. मुलींना फसवणाऱ्यांची एक ठरलेली रीत असते. आधी स्तुती, मग गुपित, मग फोटोची मागणी, मग धमकी. इथे त्यातले काहीच नव्हते. हा मुलगा तिच्याकडे काहीच मागत नव्हता. शिफ्ट संपल्यावर गच्चीवर आडवे पडून आकाश बघतो, असे तो लिहीत होता. त्याची आई वारली होती. एके ठिकाणी त्याने लिहिले होते, 'आईचा मोबाईल मी अजून रोज चार्ज करतो. वाजत नाही, तरी करतो.' आणि मग घराचे वर्णन. गाव सांगितलेले नव्हते. 'गावाकडे आमचं घर आहे. निळं दार. दारात बदाम. बाजूला तळं. एक दिवस परत जाईन.' त्यावर रोह्याच्या मुलीने लिहिले होते, 'असं घर मला माहीत आहे. खरंच माहीत आहे.'

शेवटचा निरोप आदल्या रात्रीचा होता: 'शुक्रवारी घरी पोचतोय, कायमचा. आता हे अकाउंट बंद.' आणि खाते खरोखरच बंद केलेले होते.

ज्या रात्री अनोळखी माणूस आपले खाते मिटवतो, त्याच्या दुसऱ्या सकाळी अल्पवयीन मुलगी नवीन ड्रेस घालून घराबाहेर पडते. कोणत्याही अधिकाऱ्याला यातून एकच अर्थ दिसेल. मलाही तोच दिसला.

मुलीने त्याचे फोटो मात्र जपून ठेवले होते. समुद्र, दिवे, वाळूत उमटलेले पाय. कोणाचेही असू शकतील असे. एका फोटोत गणपतीची मूर्ती होती आणि खाली ओळ होती, 'आमच्या रूमवरचा बाप्पा, थेट पेणहून आलेला.' पेणच्या मूर्ती बोटीने, विमानाने परदेशी जातात, त्यामुळे त्यात नवल नव्हते. मुकुटाचा सोनेरी रंग, पीतांबर, उंदीर, सगळे देखणे. तरीही त्या मूर्तीकडे बघताना चुकल्यासारखे वाटत राहिले. मी फोटो मोठा केला.

मूर्तीला डोळे नव्हते.

दरवर्षी माझ्या घरचा गणपती मी पेणहूनच आणतो. तिथल्या कारखान्यांतला क्रम मला ठाऊक आहे. सगळे रंगकाम झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि ती झाल्याशिवाय मूर्ती उंबरा ओलांडत नाही. मग ही मूर्ती आखातात पोचली कशी?

"आखणी न होताच विमानात बसला होय देव?" हवालदारबाई म्हणाल्या.

फोटो पेणच्याच कुठल्यातरी कारखान्यात काढलेला होता. मी मुलीच्या आईला विचारले, "पेणला तुमचे कोणी आहे?"

"माझा भाऊ हाय ना. त्याचा गणपतीचा कारखाना हाय. त्याची मुलगी हिच्यापेक्षा वर्षानं मोठी. लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली, तेव्हापासून येणंजाणं कमी झालं."

हवालदारबाईंना घेऊन मी लगेच निघालो. आधी फोन करून कळवले नाही, कारण पूर्वसूचना मिळालेले मूल पहिल्यांदा मोबाईल साफ करते. अल्पवयीन मुलीकडे चौकशी करायची तर गणवेश नको, ठाणे नको, पालक समोर हवेत आणि विचारणारी स्त्री हवी. हा नियम आहे, आणि नियम नसता तरी तसेच करायला हवे होते. आम्ही साध्या कपड्यांत, खाजगी गाडीने पेणला पोचलो.

भर दुपार होती. कारखान्यात पत्र्याखाली एक मंद, पांढुरकी शांतता पसरलेली होती. रांगेने मूर्ती मांडलेल्या. काही नुसत्या पांढऱ्या, काही अर्ध्या रंगलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. इतक्या मूर्तींमध्ये उभे राहूनही आपल्याकडे कोणी पाहत नाही, असे वाटत होते. पंख्याच्या वाऱ्याने रंगाचा वास हलत होता. कोपऱ्यात स्टुलावर बसून एक मुलगी मुकुटांना सोनेरी रंग देत होती. तिच्या शेजारी फळीवर एक जुना मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

"तो कोणाचा?" मी तिच्या वडिलांना विचारले.

"हिच्या आईचा, साहेब," ते आवाज खाली आणून म्हणाले. "रोज चार्ज करते. मी काय बोलत नाय. बोलून काय करू?"

माझे उत्तर मला त्याच क्षणी मिळाले होते. पण पोलिसाला उत्तर मिळाले म्हणून प्रश्न संपत नाही. मुलगी अजून सापडायची होती.

हवालदारबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी फोटो दाखवला. "हा बाप्पा इथलाच ना गो?"

"व्हय." मग घाईने, "नाय. सगळे सारखेच असतात."

"सारखे असतात, पण परदेशी जाताना डोळे असतात ना त्यांना?"

मुलीने फोटो हातात घेतला. खूप वेळ ती बघत राहिली. तो खोटा मुलगा घडवताना झालेली चूक तिला आता दिसत होती, आणि ती आपल्याकडून झाली हे तिला खरे वाटत नव्हते. बाहेरच्या कोणाकडून ती झालीच नसती. कोरे डोळे पाहून दुसरा माणूस दचकला असता. हिचे बालपणच कोऱ्या डोळ्यांच्या देवांत गेलेले.

"मला दिसलंच नाय," ती म्हणाली.

"का केलंस गो?"

"गंमत करायची होती. ती रील टाकायची, शंभर जणी 'छान छान' म्हणायच्या. मला वाटलं, हिची जिरवावी. मग..." ती थांबली. वडिलांकडे न बघता म्हणाली, "मग त्याच्या नावानं आईबद्दल लिवलं. मी बोलले की सगळे म्हणतात, रडू नको, बाबांकडं बघ. त्याला कोणी म्हटलं नाय रडू नको. ती नुसती ऐकायची."

तिचे वडील उठून एका मूर्तीमागे जाऊन उभे राहिले.

"पण आता मी बंद केला त्याला," ती म्हणाली. ती 'अकाउंट' म्हणाली नाही, 'त्याला' म्हणाली. "ती फारच वाट बघायला लागली होती. मला भीती वाटली."

"ती सकाळपासून घरी नाही," मी म्हणालो.

"कुठं गेली?"

"वड्यांचा डबा घेऊन, त्याला भेटायला."

सोनेरी रंगाची वाटी तिच्या हातून सांडली. पांढऱ्या फरशीवर एक लहानसे ऊन पडल्यासारखे झाले. "मी कुठं नाय बोलावलं! आईशप्पत! मी गावाचं नाव पण नाय सांगितलं."

"त्या घराचे वर्णन तूच केलेस ना? ते घर कुठे आहे?"

"ते घर नाय, सर. मनातून लिवलं."

पोलीस खात्यात येण्यापूर्वी मी काही काळ शाळेत शिकवत होतो. मुलांना मनातले चित्र काढायला सांगितले, की प्रत्येकाच्या कागदावरचा डोंगर त्याच्या गावामागचाच असे. न पाहिलेले कोणालाही रंगवता येत नाही. तिला मी तेच सांगितले. डोळे मिटायला सांगितले. "दारासमोर उभी राहा. आता बाजूला बघ. काय दिसते?"

"तळं. तळ्यात म्हशी."

"तू कुठून बघतेस? अंगणातून?"

पंखा फिरत होता. मग तिचा चेहरा सावकाश बदलत गेला, जसे झोपेतल्या माणसाला कोणी नावाने हाक मारावी. "खिडकीतून. गाडीच्या खिडकीतून." तिने डोळे उघडले. "आई आम्हाला पेणहून रोह्याला न्यायची ना, तेव्हा आम्ही घरं वाटून घ्यायचो. हे माझं, ते तुझं. निडी यायच्या जरा आधी ते घर यायचं. दोघी भांडायचो त्याच्यासाठी. मग आई म्हणायची, भांडू नका गो, ते दोघींचं."

'असं घर मला माहीत आहे. खरंच माहीत आहे.' रोह्याच्या मुलीने त्या मुलावर विश्वास का ठेवला, ते आता समजले. तो तिच्या स्वप्नातल्या घरात राहत होता.

तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन आम्ही निघालो. गडब गेले, नागोठणे गेले. हवालदारबाई वाटेत एकदाच म्हणाल्या, "सर, ती तिथं नसली तर?" मी गाडीचा वेग वाढवला. निडीच्या अलीकडे गाडी रस्त्याला लावली आणि बांधावरून चालत निघालो. ऊन कलले होते. भात निघून गेलेल्या मोकळ्या शेतांवर तांबूस धूळ तरंगत होती. रुळांच्या पलीकडे तळे दिसले, मग बदाम. दार निळे होते, पण रंग उडालेला. दाराला कुलूप होते, आणि ओट्यावर पिवळा ड्रेस.

डबा शेजारी ठेवून मुलगी बसली होती.

शेजारच्या घरातून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. घरमालक मंडळी आखातात होती आणि किल्ली या गृहस्थांकडे असे. "दुपारपासनं बसलीय साहेब पोरगी. मी विचारलं, कोनाची पावनी? तर म्हनते, घरवाले आज येनार. मी म्हटलं, आमचे भाईजान तर ईदला येनार. तरी उठत नाय. सरबत दिलं, ते घेतलं."

आईला फोन लावून मुलगी सुखरूप असल्याचे कळवले. नियमाप्रमाणे मुलीला ताबडतोब ताब्यात घ्यायचे होते. मी बांधावर थांबलो आणि पेणच्या मुलीला म्हणालो, "पुढचे तूच सांगायचे."

ती एकटी चालत गेली. आम्हाला ऐकू येत होते.

"तू कशाला आलीस?" ओट्यावरची म्हणाली. "आईनं पाठवलं?"

"चल घरी. तो येणार नाय."

"तुला काय ठाव?"

"ठाव हाय."

"तुला कोणी सांगितलं त्याच्याबद्दल? मोबाईल बघितलास माझा?"

"तो मीच हाय गो."

तळ्यातल्या म्हशीही हलल्या नाहीत असे वाटले. रोह्याची मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग एकेक गोष्ट तपासावी तसे विचारू लागली. "गच्ची?"

"कारखान्याचा पत्रा."

"समुद्र?"

"नेटवरनं."

"बाप्पा?"

"आपलाच. डोळे राहिले होते."

"आणि त्याची आई?"

पेणची मुलगी ओट्याच्या पायरीवर बसली.

"मामी," रोह्याची मुलगी हळूच म्हणाली. आणि मग एकदम रागाने, रडत, "दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस! आले की आत जाऊन बसायचीस. एक शब्द नाय बोललीस!"

"बोलले ना," दुसरी म्हणाली. "रोज बोलले."

इतक्यात लांबून पॅसेंजर आली. खिडक्यांची एक ओळ घरासमोरून सरकत गेली. दोघींनीही मान वळवून गाडीकडे पाहिले, आणि गाडी निघून गेली तरी त्याच दिशेला बघत राहिल्या. मग रोह्याच्या मुलीने डबा उचलला, तो नेऊन किल्ली सांभाळणाऱ्या चाचांच्या हातात ठेवला आणि मामेबहिणीला ओलांडून आमच्याकडे चालत आली. परतीच्या वाटेवर दोघी दोन खिडक्यांना बसल्या.

पुढे जबाब झाले, बाल कल्याण समितीसमोर हजेरी झाली, दोन्ही घरांना समुपदेशन मिळाले, गुन्ह्याचा अहवाल गेला. कोणी कोणाला पळवलेले नव्हते. ठाण्याच्या दृष्टीने प्रकरण संपले.

त्या प्रकरणाने मला जे शिकवले, ते पालकांसाठी लिहून ठेवतो. मोबाईलवर मुले खोटे बोलतात, हे आपण सगळे धरून चालतो. खोटी नावे, खोटे फोटो, खोटे समुद्र हे खरेच आहे. परंतु खोट्या नावाच्या आडून मुले पुष्कळदा अगदी खरे तेच बोलत असतात, कारण खऱ्या नावाने बोलले की आपण त्यांना 'रडू नको' म्हणतो. तपासात आम्ही 'खाते कोणाचे' हे आधी विचारतो आणि ते योग्यच आहे. फसवणारे असतात, आणि त्यांच्यापासून मुलांना वाचवायलाच हवे. घरात मात्र दुसरा प्रश्न आधी यावा. मूल तिथे काय सांगते आहे, जे इथे ऐकायला कोणी नाही?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या गणपतीला मूर्ती आणायला मी त्याच कारखान्यात गेलो. गर्दी होती. पेणची मुलगी हातात बारीक कुंचला घेऊन आखणीला बसली होती. शेजारी रंगाची वाटी धरून रोह्याची मुलगी उभी होती.

"अधूनमधून येते," वडील मला म्हणाले. "येते, भांडते, जाते. पण येते."

"हलवू नको गो वाटी," एक म्हणाली.

"तूच हलतेस. माझ्यावर कशाला ढकलतेस?"

समोर माझीच मूर्ती होती. एक डोळा आखून झालेला, दुसरा कोरा. ते दृश्य जपून ठेवावे असे वाटले आणि मी खिशातून मोबाईल काढून वर धरला. रोह्याच्या मुलीने माझ्याकडे पाहिले. वाटी जराही न हलवता ती म्हणाली,

"थांबा सर. डोळे झाल्याशिवाय फोटो नाय काढायचा."

मी मोबाईल खिशात ठेवला आणि थांबलो.